चौघांचा एक नमुना

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. पण सासूबाईंना वाचता येत नाही, आणि ज्यांचं नाव घ्यायचं ते द्राक्षाच्या मासिकापलीकडे काही वाचत नाहीत, त्यामुळे इथे मी खुशाल धनराजराव असं लिहिणार आहे. तीस वर्षांच्या संसारानंतर एवढी चैन मला चालेल.

तर धनराजरावांना पंचावन्नावं वर्ष लागलं आणि आमच्या घरात त्यांच्या मरणाची तयारी सुरू झाली. मरण कुठे दिसत नव्हतं. माणूस सकाळी पाचला उठून सगळी बाग पायी फिरून यायचा, तीन भाकरी खायचा आणि मजुरांवर असा ओरडायचा की आवाज दिंडोरीच्या फाट्यापर्यंत जावा. पण त्यांचे वडील भिमाजी पंचावन्नाव्या वर्षी बांधावर बसल्याजागी गेले होते, आणि माझे मोठे दीर खंडेराव पंचावन्नाव्याच वर्षी भर बाजारात. दोघांनाही हार्ट अटॅक. आता नंबर आपला, असं यांनी मनाशी पक्कं केलं होतं. रेशनच्या रांगेत उभं राहावं तसे ते शांतपणे उभे होते, आणि मध्येच कोणी घुसेल अशी त्यांना शंकासुद्धा नव्हती.

त्यांचं प्रत्येक वाक्य तेव्हा "मी नसलो तर" असं सुरू व्हायचं. मी नसलो तर विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर असा दाबायचा. मी नसलो तर तीन नंबरचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, मग चार नंबरचा उघडायचा. मी नसलो तर फवारणीला बारकूलाच बोलवायचं, दुसरं कोणी औषध नीट कालवत नाही. मला त्यांनी ट्रॅक्टर शिकवला, ड्रिपच्या नळ्या साफ करायला शिकवल्या, व्यापाऱ्याशी कुठल्या आवाजात बोलायचं तेही शिकवलं. जुनी बाग काढून नवी लावायची होती, तर नव्या बागेला घड यायला दोन वर्षं लागतात म्हणून ते कामच रद्द केलं.

"अहो, तुम्ही असताना जे करत नाही तेही सांगून ठेवा ना," मी एकदा चिडून म्हटलं. "ताट उचलणं, ओला टॉवेल वाळत घालणं."

"तुला आत्ता गंमत वाटती," ते म्हणाले.

गंमत कशाची वाटणार? मला भीती वाटत होती. भीती वाटली की मी जास्त चेष्टा करते, हा माझा जन्माचा दोष आहे. रात्री ते घोरायचे थांबले की मी जागी व्हायचे आणि परत घोरायला लागेपर्यंत श्वास धरून पडायचे. सकाळी उठून घोरण्यावरून त्यांना टोमणे मारायचे.

आमची सून स्नेहल गंगापूर रोडवरच्या एका तपासणी केंद्रात आहारतज्ज्ञ आहे. अमोल, म्हणजे आमचा मुलगा, सातपूरला कंपनीत आहे आणि दोघं तिकडेच फ्लॅटमध्ये राहतात. स्नेहलच्या केंद्रात शंभर वर्षं जगायची इच्छा असलेले लोक येतात. त्यांची साखर, चरबी, झोप, हाडं, सगळं मोजून कोणता धोका पुढे आहे ते सांगतात. मी एकदा ते केंद्र बघितलं. तिथे बसलेल्या मंडळींच्या तोंडाकडे पाहून एवढं जगून ही करणार काय असा प्रश्न मला पडला होता, पण सुनेच्या नोकरीबद्दल असं बोलू नये म्हणून गप्प बसले.

स्नेहलने सासऱ्यांना एकदा तिथल्या मशीनवर उभं केलं. पायाखाली पत्रा, हातात दोन दांडे. मशीनने सांगितलं, वय चोपन्न असलं तरी शरीराचं वय अठ्ठावन्न आहे. धनराजराव त्या कागदाकडे बघत घरी आले आणि जेवलेच नाहीत.

"म्हणजे पंचावन्न कधीच होऊन गेलं की," मी म्हटलं. "तुमचं तुम्हाला कळलंसुद्धा नाही. आता जेवा."

सासूबाई, भागुबाई त्यांचं नाव, वय ब्याऐंशी, तेवढ्या हसल्या. बाकी कोणी नाही.

खरं तर रक्त तपासलं असतं तर बरंच काही आधीच समजलं असतं. पण धनराजराव सुईला घाबरतात. उसाच्या पाचटात साप हाताने बाजूला करणारा हा माणूस, नर्सने नुसता कापूस काढला तरी खुर्चीतून उठतो. म्हणून स्नेहलने दुसरा रस्ता काढला. नोव्हेंबरात एका शनिवारी ती एक छोटा खोका घेऊन मळ्यावर आली. आत एक प्लॅस्टिकची नळी.

"पप्पा, यात फक्त थुंकायचं," ती म्हणाली. "सुई नाही, काही नाही. कोलेस्टेरॉल वाढवणारा एक बिघाड काही घराण्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत येतो. आपले आजोबा, मोठे काका, दोघं एवढ्या लवकर गेले, म्हणून मला शंका आहे. असेल तर आत्ताच कळेल, आणि गोळीने आटोक्यात ठेवता येतं. नसेल तर तुमचीही सुटका आणि मम्मींचीही."

"आणि ज्याला असतो त्याच्या पोराला?" धनराजरावांनी विचारलं.

"निम्मी शक्यता," स्नेहल म्हणाली आणि नजर खाली घातली. अमोल तिच्या शेजारीच बसला होता.

मग तिने बजावून सांगितलं की आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि नळी रेघेपर्यंत भरायची. दुसऱ्या दिवशी तिचं शहरात तपासणी शिबिर होतं, म्हणून ती गेली. अमोल रविवारचा मुक्कामाला थांबला.

आता इथे आमच्या बागेबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढे जे झालं त्याला तुम्ही अडाणीपणा म्हणाल. गोडी छाटणी, म्हणजे घडांसाठीची ऑक्टोबरातली छाटणी, झाली की महिना-दीड महिन्याने द्राक्षवाला पानदेठ तपासायला पाठवतो. घडासमोरच्या पानाचा देठ खुडायचा, पण एका वेलीचा नाही. बागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवंतिडवं फिरायचं, इथला एक, तिथला एक असे शंभरेक देठ गोळा करायचे आणि एका पिशवीत घालून लॅबला द्यायचे. मातीचंही तसंच. दहा ठिकाणी खड्डे घ्यायचे, सगळी माती गोणपाटावर एकत्र कालवायची आणि त्यातली अर्धा किलो पाठवायची. एका झाडाचा रिपोर्ट काढणाऱ्याला आमच्याकडे हसतात.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमचं पानदेठाचं काम चाललं होतं.

रविवारी सकाळी धनराजरावांनी खोक्यातला कागद समोर धरला. मजकूर इंग्रजीत होता, खाली चित्रं होती. चित्रात एकच माणूस नळीत थुंकत होता.

"चित्रात एकच जण दिसतोय," मी म्हटलं.

"चित्रात काय सगळं खानदान काढतील का? आपल्याला घराण्याचा दोष हुडकायचाय. एका येलीच्या देठावरून बागेचा रिपोर्ट येत असतो का कधी?"

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. मीही द्राक्षवाल्याचीच मुलगी आहे, वणीजवळची.

त्यांनी एक स्टीलची वाटी पाण्यात दहा मिनिटं उकळून घेतली. चमचा उकळून घेतला. औषध मोजायची एक नवीकोरी पिचकारी फोडली. इतक्या स्वच्छतेने या माणसाने आयुष्यात कधी चहासुद्धा केलेला नाही. पहिला नमुना स्वतःचा दिला. मग आईकडे गेले. सासूबाई मिश्री लावून ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना चार वेळा चूळ भरायला लावली आणि अर्धा तास तोंड मिटून बसवलं, जे त्यांना ब्याऐंशी वर्षांत जमलेलं नव्हतं.

"तुझ्या बापानं मला लय कामं सांगितली," वाटी तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "पण थुंकायला नाय कधी सांगितलं."

अमोल मोबाइलमध्ये बघत बाहेर आला. "थुंक," म्हटल्यावर थुंकला आणि मोटारीकडे निघून गेला. त्याला वाटलं, चौघांच्या चार नळ्या असतील आणि वाटी फक्त सोयीसाठी असेल.

मग वाटी माझ्यापुढे आली.

"मी कशाला?" मी म्हटलं. "घराणं तुमचं. स्नेहलकडून नाही मागितलंत ते?"

"ती दोन वर्षांमागं आली. तिची माती अजून येगळी हाय," ते म्हणाले. "तू तीस वर्षं ह्याच हिरीचं पाणी पितीस. तू आता इथलीच."

मी दुसऱ्या दिवशीही हे वाक्य मनात घोळवत होते. लग्नापासून त्यांनी माझ्याबद्दल काढलेले सगळ्यात गोड उद्गार म्हणजे हेच, आणि तेही वाटीत थुंकण्याच्या वेळी. मी मुकाट्याने माझा वाटा दिला. त्यांनी चौघांचं चमच्याने नीट कालवलं, पिचकारीने मोजून रेघेपर्यंत नळीत भरलं, झाकण लावलं आणि पानदेठाच्या पिशवीबरोबरच कुरिअरच्या माणसाकडे सोपवलं.

संध्याकाळी स्नेहलचा फोन आला. "पप्पा, नळी बरोबर भरली ना?"

"एकदम शास्त्रशुद्ध," धनराजराव म्हणाले.

पानदेठाचा रिपोर्ट आठ दिवसांत आला. पोटॅश कमी होतं. माणसांचा मात्र जानेवारी उजाडला तरी येईना. "मी नसलो तर"चा पाठ चालूच होता. आता मला फवारणीच्या ब्लोअरच्या नळ्या बदलता येऊ लागल्या होत्या.

एका बुधवारी भर दुपारी स्नेहल गाडी घेऊन मळ्यावर आली. कामाच्या दिवशी ती कधी येत नाही, त्यामुळे फाटक वाजताच मी हातातलं काम टाकून बाहेर आले. तिने पाणीही घेतलं नाही.

"पप्पा, मला खरं सांगा. त्या नळीत कोणाकोणाची थुंकी होती?"

धनराजरावांनी सगळं सांगितलं. वाटी उकळण्यापासून ते कालवण्यापर्यंत. सांगताना त्यांचा चेहरा असा होता की हिने आता कौतुकच करावं. स्नेहल अशी हसायला लागली की तिला ओट्यावर बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

"लॅबच्या मॅडम मला फोनवर विचारत होत्या," ती म्हणाली, "की पेशंट एकच आहे ना? कारण त्यांना बाईही दिसत होती आणि बुवाही. मी काय उत्तर देऊ?"

आम्हीही हसलो. सासूबाई आतून ओरडल्या की मलाही सांगा. मग स्नेहलचं हसू ओसरलं, आणि तिच्या येण्याचं खरं कारण अजून बाकी आहे हे माझ्या लक्षात आलं.

"असा मिसळलेला नमुना ते रद्दच करतात," ती म्हणाली. "रिपोर्ट देणार नाहीत. पण त्या मॅडम भल्या होत्या. त्यांनी सांगितलं की मी जी शंका धरली होती तो बिघाड त्यात दिसतोय. कोणाचा ते सांगता येत नाही. पण तुम्हा चौघांपैकी एकाला तरी तो आहे."

द्राक्षवाल्याच्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. मालात औषधाचा अंश सापडला की कुठल्या ओळीतला ते कळत नाही, सगळी बाग संशयात जाते.

"मलाच हाय," धनराजराव म्हणाले. ते घाबरले नाहीत. उलट वर्षभर सांगत होतो ते खरं निघालं असं काहीसं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. ते बघून मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा पडला, आणि तो का पडला ते मला न विचारता समजलं. यांना असेल तर अमोलला निम्मी शक्यता होती. शिवाय अमोलची थुंकीही त्याच वाटीत होती.

स्नेहलने चौघांचं रक्त घ्यायचं ठरवलं. या वेळी तिने कोणावर विश्वास ठेवला नाही. शनिवारी केंद्रातली नर्स बरोबर आणली, चार बाटल्यांवर चार नावं स्वतःच्या हाताने लिहिली आणि वाटी, चमचा, पिचकारी सगळं कपाटात बंद केलं. धनराजरावांनी डोळे मिटून हात पुढे केला. मी त्यांचा दुसरा हात धरला होता. इतका घट्ट दाबला त्यांनी की माझ्या दोन बांगड्या फुटल्या. सासूबाईंनी मात्र सुई आत जाताना नीट निरखून बघितली आणि नर्सला विचारलं, "तुला पोरं किती?"

रिपोर्टला तीन आठवडे लागणार होते.

ते तीन आठवडे कसे गेले ते मी कोणाला सांगितलेलं नाही, आज सांगते. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी अंगणात उभं राहून गडाच्या दिशेने हात जोडले. सप्तशृंगी माझ्या माहेरची देवी, तिच्याशी मी लहानपणापासून मोकळेपणाने बोलते. मी म्हटलं, आई, कोणालाही असू दे, पण माझ्या अमोलला नको. त्याचं आत्ता लग्न झालंय. पायी गड चढून साडी नेसवीन.

घरात येऊन चहा टाकला आणि माझे हात थांबले. कोणालाही असू दे म्हणजे काय? म्हणजे मी माझा नवरा देऊन टाकला होता. तोही साडीसकट. मी परत अंगणात गेले. म्हटलं, आई, यांनाही नको. हा माणूस कटकट करतो, टॉवेल उचलत नाही, पण नको. याच्याशिवाय मला करमणार नाही. हे मी मोठ्याने म्हणाले आणि मला रडू आलं.

मग हिशोब केला तर उरल्या सासूबाई. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला असला बिघाड असला काय आणि नसला काय, असं माझ्या मनात आलं. देवीलाही ते पटावं अशी माझी इच्छा होती. त्या दिवशी मी सासूबाईंना शिरा करून घातला, वर तूप. त्या संशयाने माझ्याकडे बघत होत्या, पण खाल्ला सगळा.

फेब्रुवारीत बागेत घड भरले होते, काढणी पंधरा दिवसांवर आली होती. एका रविवारी सकाळी अमोल आणि स्नेहल आले. स्नेहलच्या हातात जाड पाकीट होतं. सगळे पडवीत बसलो. धनराजरावांनी धुतलेला सदरा घातला होता.

"एक-एक करून सांगते," स्नेहल म्हणाली. "आजी, तुम्हाला नाही. तुमचं कोलेस्टेरॉल घरात सगळ्यात चांगलं आहे."

"मग उद्या परत शिरा कर," सासूबाई मला म्हणाल्या. बिघाडासाठी मी ठरवलेली जागा रिकामी झाली होती.

"अमोलला नाही."

मी डोळे मिटले. गड, साडी, पायऱ्या, सगळं कबूल होतं.

"पप्पा, तुम्हालाही नाही."

धनराजराव तिच्या हातातल्या कागदावर वाकले. "नीट बघ," ते म्हणाले. "धनराज भिमाजी लिवलंय ना?"

"तेच लिहिलंय. हा बिघाड तुमच्याकडून आलेलाच नाही. आजोबा आणि मोठे काका दिवसभर बिड्या ओढायचे, आणि त्यांचं बीपी कोणी कधी मोजलं नव्हतं. तुमचं बीपी वाढलेलं आहे, त्याची गोळी उद्यापासून सुरू. पण पंचावन्न वगैरे जे धरून बसलात ना, ते आता सोडा."

वर्षभर रांगेत उभा असलेला माणूस, खिडकीच बंद झाली म्हटल्यावर जसा उभा राहील तसे ते बसले होते. मला हसू आलं. खूप दिवसांनी खरं हसू आलं. मी काहीतरी टोमणा मारणार होते, इतक्यात अमोल माझ्याकडे बघतोय हे मला दिसलं. मग मीही मोजलं. चार नावं. तीन झाली.

माझं नाव मी धरलंच नव्हतं. अंगणात दोन वेळा जाऊन देवीपुढे सगळ्यांचा हिशोब मांडला, आणि त्यात मी कुठेच नव्हते.

"मम्मी, तुम्हाला आहे," स्नेहल म्हणाली आणि माझा हात धरला. "वाईट कोलेस्टेरॉल दोनशे छत्तीस आहे. पण घाबरू नका. आज कळलंय. गोळीने उतरतं, आणि उद्याच आपण हृदयाची तपासणी करून घेऊ."

"मला?" मी म्हटलं. "मी सत्तेचाळीस किलोची बाई. माझ्यात चरबी आहे कुठे?"

"अंगावर दिसत नाही ती." मग तिने हळूच विचारलं, "तुमच्या माहेरी कोणाला हार्टचा त्रास होता?"

"कोणाला नाही. दादा, माझे वडील, अजून धडधाकट आहेत, पंच्याऐंशी वर्षांचे."

"आणि तुमची आई?"

"आई लवकर गेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी. पित्ताने."

हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आले होते. लग्न जमवताना म्हटलं, अमोलच्या वेळी डॉक्टरने विचारलं तेव्हा म्हटलं. आज मात्र मला माझ्याच तोंडचं वाक्य ऐकू आलं. आईची छाती जळत होती. जबडा दुखतोय म्हणाली. सगळ्यांना वाढून झालं होतं. सोडा टाकून लिंबूपाणी प्यायली, जरा पडते म्हणाली, आणि उठलीच नाही. सासऱ्यांचं आणि दिरांचं वय या घरात सगळ्यांना पाठ होतं. माझ्या आईचं वय कोणी कधी विचारलं नव्हतं. मीही नाही. चौतीस वर्षांनी मी आईसाठी पडवीत बसून मोठ्याने रडले, आणि सासूबाई सरकत सरकत येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

संध्याकाळी मी धाकट्या बहिणीला फोन लावला. तिला सटाण्याला दिली आहे. तपासून घे म्हटलं, आणि पोरींचंही घे.

"ताई, मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. मी तिला त्यावर अशा शिव्या दिल्या की ती दुसऱ्याच दिवशी जाऊन रक्त देऊन आली.

पण ते नंतर. फोन ठेवला तेव्हा धनराजराव घरात नव्हते. अमोल म्हणाला, पप्पा दुपारपासून बागेत आहेत. मी गेले. वेलींच्या मंडपाखाली खालच्या अंगाला, घड डोक्याला लागतात अशा ठिकाणी ते मातीत बसले होते. धुतलेला सदरा मळवून ठेवला होता. मी म्हटलं, "अहो, सुटलात की तुम्ही. आता तरी उठा. वर्षभर माझं डोकं खाल्लंत, आणि निघालं काय?"

ते उठले नाहीत. मी समोर खाली बसले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"ती वाटी मी तुझ्यापुढं धरली नसती तर?" ते म्हणाले.

शहाण्या माणसाने एकट्याची थुंकी पाठवली असती. स्वच्छ रिपोर्ट आला असता, घरात पेढे वाटले असते, आणि माझं रक्त कोणी कशाला तपासलं असतं? मी इथलीच आहे असं या माणसाने ठरवलं म्हणून मी त्या नळीत होते.

"पण धरलीत ना," मी म्हटलं.

"मी नसलो तर तुझं कसं व्हईल, वर्षभर एवढंच बघत बसलो ग," ते म्हणाले. "स्टार्टर, व्हॉल्व्ह, बारकू, समदं सांगितलं तुला. तू नसलीस तर माझं कसं, हे एकदा बी मनात आलं नाय." बोलता बोलता ते रडायला लागले. तीस वर्षांत मी त्यांना बाप गेला तेव्हा आणि भाऊ गेला तेव्हा रडताना पाहिलं होतं. माझ्यासाठी रडताना पहिल्यांदाच पाहत होते.

एरवी मला बोलायला लागतं काय. पण त्या वेळी चेष्टा सुचली नाही. मी त्यांचा मातीचा हात माझ्या हातात घेतला.

"माझ्याही मनात आलं नव्हतं," मी म्हटलं.